बर्वेकाकांचा अमेरिकन

इथे इंग्लंडात, लेस्टर शहरातल्या आमच्या गल्लीत पार्सल घेऊन येणारा माणूस बर्वेकाकांच्या दारातून हसल्याशिवाय सुटत नाही. काका त्याला त्यांच्या लाडक्या अमेरिकन कादंबरीकाराचा एक विनोद ऐकवतात आणि तो किती सेकंदांनी हसला, ते वहीत टिपतात. मग तोच विनोद मराठीत करून मला, म्हणजे शेजारणीला, ऐकवतात.

"नऊ सेकंद! अगं, तो चारमध्ये हसला होता. माझं ट्रान्सलेशन फेल!" असं म्हणून पान टराटरा फाडतात.

हा कादंबरीकार आता हयात नाही. पण काका त्याला 'आमचे साहेब' म्हणतात. साहेबांनी वीस वर्षं विम्याच्या ऑफिसात काढली आणि त्याच ऑफिसवर अशी कादंबरी लिहिली, की अख्ख्या गावाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुढे त्यांनी सेनेटर सोडले नाहीत, सेनापती सोडले नाहीत, स्वतःची तीन लग्नंही सोडली नाहीत. हे सगळं काकांना तोंडपाठ. बस डेपोतली नोकरी सांभाळून त्यांनी साहेबांच्या आठ कादंबऱ्या हाताने मराठीत उतरवल्या. एका सेनेटरच्या शिवीला तोलामोलाची मराठी शिवी सापडेना, तेव्हा हा सत्शील माणूस आठवडाभर गल्लीत पुटपुटत फिरत होता. मी नर्स, माझ्याच्याने रजेचा अर्ज धड लिहवत नाही. मी थक्क होते.

दुपारच्या चहाला ते एक पान काकूंना वाचून दाखवतात. काकू "छान आहे हं" म्हणतात आणि कप विसळायला उठतात.

परवा मी डबा परत द्यायला गेले. वाचन नुकतंच संपलं होतं. नवव्या कादंबरीतला महापौर स्वतःच्याच पुतळ्याच्या उद्घाटनाला उशिरा पोचला होता. काकू "छान आहे हं" म्हणाल्या आणि सिंककडे वळल्या. काका मला मागच्या बागेत घेऊन गेले.

"काका, हे छापणार कधी?"

"छापायचंय कोणाला?" ते हळूच म्हणाले. "इथला आमचा पहिला विंटर. मी साहेब वाचून एकटाच हसत होतो. हिला इंग्लिश येत नव्हतं. हिने विचारलं, 'काय झालं हो एवढं?' मी म्हणालो, 'तुला नाही कळायचं.' बेचाळीस वर्षं झाली. हिने परत विचारलं नाही."

 

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला.

"अहो, त्या महापौराचं पुढे काय झालं?"

"सांगतो, सांगतो!" म्हणत काका चिखलाच्या बुटांसकट आत पळाले.