आप्पांचा उजवा हात

आमचे शेजारी सोपानआप्पा उजव्या हातात बारा महिने पायमोजा घालतात. ऐन वैशाखातसुद्धा. शिरूरला नवीन राहायला आलेल्या माणसाला वाटतं, बिचाऱ्यांचा हात भाजलाय की काय. हात धडधाकट आहे. त्या हाताला नखं आहेत आणि त्या नखांवर आप्पांचं पोट आहे. आप्पा गिटार वाजवतात. लग्नात खांद्याला अडकवून नाचत वाजवतात तसली नव्हे. खुर्चीवर बसून, डावा पाय छोट्या पाटावर ठेवून, नोटेशन समोर मांडून वाजवतात ती.

"उजव्याला काम सांगू नका" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पिशवी धरा म्हटलं, दार लोटा म्हटलं, की हेच. म्हैस डाव्या हातानं पिळतात. ती बिचारीही आता त्यांच्या उलट्या बाजूला उभी राहायला शिकलीय. देवळात प्रसाद डाव्या हातात घेतला तर बायका ओरडतात, म्हणून पुजाऱ्यापुढं सरळ आ वासतात. मतदानाची शाई मात्र सरकार डाव्या हाताच्या बोटाला लावतं. एवढं एक काम सरकारनं माझ्या सोयीनं केलंय, असं त्यांचं मत आहे.

मूळचे कवठे येमाईचे. घरची मेंढरं. लहानपणी कळपाबरोबर दौंडकडं गेले, तिथं रेल्वे कॉलनीतल्या एका गिटार वाजवणाऱ्या म्हाताऱ्या साहेबाच्या कुंपणाला कान लावून बसले, आणि मेंढरं पुढं निघाली तरी हे तिथंच. पुढं साहेबांनीच शिकवलं. आता पुण्यात मुलांना शिकवतात आणि सकाळी पायरीवर बसून पॉलिश पेपरनं नखं घासतात. माझी सासू म्हणते, "नव्या नवरीनंसुद्धा एवढं नटू नये गं!"

तर या आप्पांना पुण्यात मोठ्या वाद्यवृंदाबरोबर वाजवायचं बोलावणं आलं. पन्नासेक व्हायोलिनवाले वगैरे, आणि मधोमध आप्पा. आळीत बातमी फुटली. "ऑर्केस्ट्रा हाय म्हणं आप्पांचा! नाचणाऱ्या कोण कोण?" असं विचारून लोकांनी त्यांना सळो की पळो केलं.

मी इथल्या कॉलेजच्या छोट्या रेडिओ केंद्रावर मुलाखती घेते. शेजारीच एवढा मोठा पाहुणा, म्हणून मी लगेच गेले. आप्पा म्हणाले, "आजून न्हाई, ताई." का, तर नख तुटलंय. पुढच्या वेळी म्हणे वारा फार आहे. बंद खोलीत वाऱ्याचा काय संबंध? मग अमावास्या निघाली. वर अट अशी की मुलाखत संध्याकाळच्या हवामानाच्या बातम्यांना चिकटूनच लागली पाहिजे. मला संताप आला. अहो, आमचं केंद्र ते केवढं! शिरूरच्या चार कोसांपलीकडं नुसती खरखर ऐकू येते, आणि त्यात यांचे हे नखरे!

रोज सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा फोन ऐकू यायचा. "कुठवर आलात? पाटसातच? बरं, बरं." मला वाटायचं, वाद्यवृंदवाल्यांची गाडी अडकली असेल.

मैफल रविवारी, आणि गुरुवारी आप्पा आपणहून दारात. "ताई, आज घ्या मुलाखत. आजच!"

स्टुडिओत बसल्याबसल्या मला त्यांनी विचारलं, "हे न्हावऱ्याच्या अलीकडच्या मळ्यात ऐकू जातं ना?"

"जातं," मी म्हटलं. हवामान संपलं, लाल दिवा लागला. मी विचारलं, "आप्पा, हे वाद्य तुमच्याकडं कसं आलं?"

"दादांनी आणलं. आमचं थोरलं बंधू. दोन मेंढे इकून."

"आणि रविवारी काय वाजवणार?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. माइकच्या अगदी जवळ गेले. "दादा, मागं तुम्ही पुण्यात माझं वाजवणं ऐकाया आलता. दारावरचा म्हणला, काठी अन् घोंगडी भाईर ठिवा. तुम्ही म्हणलात, मेंढक्याची काठी परक्याच्या दारात राहत न्हाई. समोरच्या फूटपाथवर बसलात आन् तसंच माघारी गेलात. मी आत वाजवत व्हतो. मला ठावंच न्हवतं, दादा. मागनं कळलं."

मी प्रश्नांचे कागद बाजूला सारले.

"रविवारी दिवस मावळायला या. काठी घेऊन या, घोंगडी घेऊन या. त्याच दारात मी हाय. तुम्ही आल्याबिगर मी आत जात न्हाई."

मग पायमोजा काढून त्यांनी वाजवलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण मी शेवटपर्यंत ऐकत राहिले.

बाहेर आल्यावर मी चिडूनच विचारलं, "अहो, रोज फोनवर बोलता ना त्यांच्याशी? मग तिथंच सांगायचं!"

"मेंढरांचं इचारलं की बोलत्यात. गाण्याचं काढलं की कट करत्यात." आप्पा ओशाळून हसले. "दादांचा रेडिओ कट करता येत न्हाई. त्येचं बटण तुटलंय. हवामान ऐकाया सेल घातलं की वाजतच राहतो. पर दादा ऊसतोडीच्या रानात, पाटसाकडं खतासाठी मेंढरं बसवीत व्हते. तिथवर तुमचं स्टेशन जाईना. म्हणून म्हणलं, कळप अलीकडं येऊ द्यावा."

म्हणजे नख, वारा, अमावास्या सगळं थोतांड! मला हसावं का रडावं कळेना.

रविवारी आळीतले आम्ही सगळे पुण्याला गेलो. आप्पा काळ्या कोटात, हातात पायमोजा, हॉलच्या दारात खांबासारखे उभे. दुसरी घंटा झाली. आयोजक धावत आले. "सर, प्लीज, आत चला! सगळे बसलेत!"

"येतो," म्हणाले, पण हलले नाहीत. आयोजकांच्या कपाळावर घाम. मीसुद्धा म्हटलं, "आप्पा, आता नाही येत ते. चला." त्यांनी मान हलवली. चेहरा पार उतरला होता.

तेवढ्यात रिक्षातून एक म्हातारा उतरला. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, हातात उंच काठी. दारावरचा माणूस पुढं झाला. "बाबा, काठी इथं..."

आप्पांनी पायमोजा ओढून काढला, माझ्या हातात कोंबला आणि त्याच उजव्या हातात ती काठी घेतली.

"ही काठी माझी हाय," ते त्या माणसाला म्हणाले. त्यानं कोटाकडं पाहिलं आणि वाट दिली.

"आरं, उजव्यात नगं धरू," दादा घाबरून म्हणाले. "नख तुटंल."

"तुटू द्या," आप्पा म्हणाले, आणि दादांना घेऊन आत गेले. तिसरी घंटा झाली तरी मी तो पायमोजा धरून दारातच रडत उभी होते.