लवू वासावेची ओहोटी

समुद्रशेवाळाचा अर्क पिऊ लागल्यापासून आमच्या लवू वासावेला दिवसातून दोनदा ओहोटी लागते.

बाटलीची यात चूक नाही. सांधे, साखर, सूज, चरबी, सगळ्यांवर गुणकारी असं तिच्यावर छापलंय, आणि उंदरांवर ते सिद्धही झालंय. उंदीर नागपूरचे होते. तिथे समुद्र नसल्यामुळे हा मुद्दा अभ्यासात आला नाही.

भरतीला लवू पंचविशीचा. गुडघे गप्प, होडी एकटा ओढतो. पाणी उतरू लागलं की त्याचा जोरही उतरतो. मग तो आडवा होतो, पोटावर ओली वाळू उघडी पडते आणि तीन-चार कुर्ल्या हिंडू लागतात. बायको, सुगंधा, त्यांना हाकलत नाही. "जातील कुठं बिचाऱ्या?" म्हणते.

अडचण आली ती परवान्याची. तीस वर्षं लवूच माणसांना होडीतून खाडीपलीकडे नेतो. परवाना टिकवायला डॉक्टरचा दाखला हवा, आणि तपासणी ठरली अष्टमीला, दुपारी बाराला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक. अष्टमीची भरती सहाला. बाराला पार खडखडाट.

सुगंधाने त्याला हातगाडीवर घालून नेलं. सरकारी डॉक्टर मुजुमदारबाईंनी एक कुर्ली बाजूला सारून स्टेथोस्कोप लावला.

"कधीपासून असं?"

"सकाळी सहापासून उतरतंय. बाई, संध्याकाळी तपासा ना! हे पडलेले असतात तेव्हा होडी तरी कुठं तरंगते? तीपण गाळातच."

"दवाखाना चारला बंद होतो. शरीर वेळेवर आणायचं असतं." बाईंनी 'अपात्र' लिहिलं.

संध्याकाळी सहाला खाडी तुडुंब. बाईंचं घर पलीकडे, म्हणून त्या धक्क्यावर आल्या. लवू होडीत ताठ उभा.

"चला, लवूकाका."

"नेलं असतं हो बाई. पण अपात्र माणसाच्या होडीत डॉक्टरीण? लोक काय म्हणतील?"

"दुसरी सोय?"

"पूल आहे की. बावीस किलोमीटर. चालणं तब्येतीला चांगलं."

बाईंनी धक्क्यावरच त्याचा रक्तदाब घेतला, मांडीवर कागद ठेवून लिहिलं, 'पात्र. ओहोटीस लागू नाही', आणि शिक्का मारला. शिक्का त्या जवळच ठेवतात.

पलीकडे उतरताना त्यांना पर्समध्ये एक कुर्ली सापडली. दुपारची राहिली होती. ती त्यांनी लवूला परत दिली आणि मिळाल्याची सही घेतली.