संपाचं हजेरीबुक

संपाच्या पाचव्या दिवशी भागीरथाबाईनं मुलाच्या बोटांचा वास घेतला. शाईचा वास आला.

"कचेरीत गेलता का गा?"

"नाही वं माय. युनियनचे अर्ज लिवले," गोविंदा म्हणाला.

तिचा विश्वास बसला नाही. विश्वास ठेवून पाहायची तिला सवयच नव्हती. भाजीवालीचं तराजू ती स्वतः धरायची आणि डॉक्टरनं गोळी दिली तर आधी त्याला विचारायची, तुमच्या घरी हीच घेते का.

सत्त्याहत्तर सालची थंडी. राज्यभरचे सरकारी कारकून संपावर होते आणि कचेऱ्यांना कुलपं होती. गोविंदा हंगामी होता. तीन वर्षं झाली तरी हंगामीच. सरकारनं बजावलं होतं की हंगामी माणूस मुकाट्यानं कामावर आला तर ठीक, नाहीतर कायमचा घरी. भागीरथाबाईच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारा हा पहिला माणूस. खुर्ची गेली तर रात्री झोप लागायची नाही, आणि पोरगा फितूर होऊन मागच्या दारानं आत शिरला तर पाचपावलीच्या त्या गल्लीत तोंड दाखवायची सोय राहायची नाही. तिनं ठरवलं, संप तर संप. पण पोरावर डोळा ठेवायचा.

आणि गल्लीवरही. नळावर कांताबाई रोज ऐकवायची. तिचं रेशनकार्ड कचेरीत अडकलं होतं. "आधी फुकटचा पगार खाल्ला, आता फुकटची सुट्टी खाऊन राहिले," ती म्हणायची. भागीरथाबाई कशाला ऐकून घेते?

"संप आता लागला. तुहं कार्ड आठ महिन्यांपासून अडकलं हाय, ते कोनामुळं?"

भरली घागर घेऊन अर्ध्या वाटेवर आल्यावर भागीरथाबाईच्या लक्षात आलं, की आपण भांडलो कोणाच्या बाजूनं.

त्याच दिवशी नळावर कुजबुज झाली की गल्लीतल्या चार सरकारी माणसांपैकी एकजण कचेरीच्या मागच्या फाटकातून आत जातो. चारांत गोविंदा आला. मग तिनं एक कोरी वही आणली आणि त्याच्याकडूनच त्यावर रकाने आखून घेतले. ती दुसरी शिकलेली, पण सही माणसाच्या चेहऱ्यासारखी ओळखायची. विहाराशेजारच्या निंबाखाली साडेदहा ते साडेपाच चौघांनी तिच्यासमोर बसायचं. ती नावं पुकारणार, ते सह्या करणार. जो दिसला नाही तो फितूर.

पहिल्या दिवशी चौघंही वेळेवर आले. तिसऱ्या दिवशी देवाजी, सगळ्यांत जुना कारकून, अकरा वाजता उगवला. सायकल पंक्चर झाली म्हणाला. त्याचं घर चार दारं सोडून होतं. चौघांतल्या दोघा टायपिस्टांनी अर्धा दिवस मागितला. एक वाजला की चौघंही जेवायला उठायचे, जरी अकरापासून उन्हात बसून संत्री सोलणं चालूच असायचं. पुढच्या आठवड्यात देवाजीनं किरकोळ रजेचा अर्ज तिच्या हातात ठेवला. कौटुंबिक कारणास्तव.

"रजा घेऊन कुठं जाशीन?"

"घरीच राहीन."

"अन् संपात कुठं हाय तू?"

"घरीच. पन हे रजा हाय न बाई."

तिनं अर्ज परत केला. तेव्हापासून तो तिच्याशी साहेबाशी बोलावं तसं, थोडं वाकून बोलायला लागला.

अशातच तिला समोरच्या पानठेल्यावर तो माणूस दिसला. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. सकाळी यायचा, दिवसभर इकडेच बघत बसायचा, आणि ती नावं पुकारायची तेव्हा त्याचे ओठ हलायचे. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. भागीरथाबाईला शंका उरली नाही. सीआयडी. हंगामी माणसांची यादी करतो आहे. तिनं गोविंदाला हळूच सांगितलं, तोंड पदराआड कर. गोविंदाकडे पदर नव्हता.

चौथ्या दिवशी माणूस रस्ता ओलांडून सरळ तिच्याकडे आला. तिनं वही खाली सरकवली आणि तिच्यावर बसली.

"बाई, मी चंपतराव. काटोलकडचा," तो म्हणाला. "पोरीले नर्सिंगले घालायचं हाय. रहिवासी दाखला पायजे."

"मंग कचेरीत जा न गा. इथं काहून आला?"

"गेलतो. कुलूप हाय. चौकीदार म्हने, ऑफिसचे लोक निंबाखाली बसते."

"संप हाय, मालूम नाही तुले?"

"ऐकला होता. पन संपात हजेरी कोन घेते बाई? तीन दिवस पाहून राहिलो. साडेदहाची टाइम, अकराले येते. सह्या करते, चहा पेते, पेपर वाचते, पाचले उठते. मी म्हटलं, ऑफिस इथंच आलं."

"मंग तीन दिवस बोलला काहून नाही?"

"लंच चालू होता."

देवाजी दुसरीकडे बघायला लागला. चंपतराव मात्र आता घाबरला होता, कारण काल संध्याकाळी त्यानं एक काम उरकलं होतं. कोर्टाबाहेरच्या अर्जनवीसाकडून त्यानं कलेक्टर साहेबांना तक्रार लिहून घेतली होती. चौघांची नावं ऐकून ऐकून त्याला पाठ झाली होती. सदर इसम कार्यालयात रोज हजर असून जनतेचे काम करत नाहीत, असा मजकूर. कार्यालय कुठलं, ते अर्जनवीसानं विचारलंच नाही. त्याचा मजकूर ठरलेला असे.

"तुमचंही हाय त्यात," तो भागीरथाबाईला म्हणाला. "हेडक्लार्क बाई लय कडक, पन कामाची नाही."

तिनं बुडाखालची वही काढून पदराआड घेतली.

संप मिटला. कुलपं उघडली आणि हंगामी माणसांना पत्रं आली. अकरा जणांना सेवा समाप्तीची. गोविंदाला आलं ते वेगळं होतं. त्यानं ते जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन ओट्यावर तिला वाचून दाखवलं. आपण संपकाळात दररोज कार्यालयात हजर असूनही कोणतेही काम केले नाही अशी तक्रार प्राप्त झाली आहे, सात दिवसांत खुलासा करावा. सोबत आलेल्या देवाजीनं कागद दोनदा उलटून पाहिला.

"वाचला पोरगा. सरकार म्हनते हा हजर होता. हजर मानसाले संपासाठी कसा काढन? कामचुकार म्हनून मेमो देईन, पन कामचुकाराले आजवर काढलेलं मी पायलं नाही."

भागीरथाबाईचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. सरकारी कागदावर पोरगा हजर. म्हणजे गल्लीच्या हिशेबी फितूर. कांताबाई हा कागद नळावर मोठ्यानं वाचल्याशिवाय राहील? गोविंदा तर म्हणाला, मी खरंच लिहितो, हजर नव्हतो म्हणून. माझ्यासारखेच अकरा जण घरी बसले, मी एकटा खुर्चीत कसा बसू. खरं लिहिलं तर नोकरी जात होती. कामं केली असं लिहिलं तर इज्जत.

तिनं देवाजीच्या हातातला कागद घेऊन गोविंदापुढे ठेवला. मग म्हणाली, "लिव. एक दिवसही कामाले हात लावला नाही. सही ठळक कर."

"अन् ते अकरा जन, माय?"

तिनं अकरा नावं त्याच्याकडून पाठ करून घेतली आणि पायात चपला घातल्या. चंपतराव त्याच दिवशी दाखला न्यायला कचेरीत येणार, हे गोविंदानं तिला सांगितलं होतं. दाखला गोविंदानंच सगळ्यांत आधी लिहून ठेवला होता, आणि कचेरी उघडी असताना पहिल्यांदाच कोणाला दुसरी चक्कर पडणार नव्हती. भागीरथाबाईनं चंपतरावला फाटकात गाठलं, बाजूला घेतलं आणि अकरा नावं एकेक करून पुकारली. त्याचे ओठ हलत राहिले. तिला वाटलं हा आता खोटेपणाचं पाप म्हणून काढता पाय घेईल.

"टाकतो न अर्ज," चंपतराव दाखला पिशवीत ठेवत म्हणाला. "खोटं काय हाय त्यात? काम तं कोनीच नाही केलं."