आवक क्रमांक चारशे बारा

शोधकार्यात नेर तालुक्यात सदाशिवरावांच्या तोडीचा माणूस नाही, असं खुद्द सदाशिवरावांचं मत होतं, आणि ते त्यांनी कुणालाही न विचारता बनवलं होतं. नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं, स्मरणशक्ती हत्तीची. एवढं प्राणिसंग्रहालय अंगी असूनही सरकारने आपल्याला एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, याचं त्यांना नवल वाटे. खात्याचं नाव सांगत नाही. उगाच खात्याला वाईट वाटेल. मात्र त्यांच्या टेबलावर आलेला एकही कागद शिक्का खाल्ल्याशिवाय पुढे गेला नव्हता, हे त्यांचे विरोधकही मान्य करत.

त्या रविवारी कार्यालयाच्या आवारात आनंदमेळा होता. इंदुताईंच्या प्रौढ साक्षरता वर्गाला मदत म्हणून कर्मचाऱ्यांनीच स्टॉल लावले होते. लेखा शाखेची भजी, आस्थापना शाखेचे रोडगे आणि वांग्याची भाजी. बारा वाजता मुख्य कार्यक्रम. तांड्यावरच्या रुपीबाई, वय एकसष्ट, स्वतः लिहिलेलं पान जन्मात पहिल्यांदा चारचौघांत वाचणार होत्या.

साडेअकराला पान गायब.

"तीन हप्ते लागले मले ते लिवाले," रुपीबाई म्हणाल्या.

"मावशी, पाठ असंन ना तुम्हाले? म्हणून टाका," कनिष्ठ लिपिक दिपाली म्हणाली.

"पाठ म्हणून काय फायदा? आमचा बुढा पाहा, मांगच्या खुर्चीवर बसला हाय. तांडाभर सांगत फिरते का बुढीले वाचता नाही येत, नुसती घोकंपट्टी हाय म्हणून. कागद पाहून वाचलं तरच खरं."

मागच्या खुर्चीवर बाबूसिंग मिशीला पीळ देत होते.

"केस मी घेतली," सदाशिवरावांनी भिंग काढलं. केस त्यांना कुणी दिली नव्हती. "दिपाली, लिही."

"काय लिहू, सर?"

"काहीही. मी बोलतो तवा कोणीतरी लिहून राह्यलं पाह्यजे."

पहिला संशय फाटकाजवळ रवंथ करणाऱ्या बकरीवर. सदाशिवरावांनी तिच्या तोंडात भिंग घातलं. निघाला तो साहेबांसाठी आणलेल्या झेंडूच्या हाराचा उत्तरार्ध. ही वेगळी केस होती. ती त्यांनी जागच्या जागी बंद केली.

दुसरा संशय भज्यांच्या स्टॉलवर. पान भजी बांधायला गेलं असणार! त्यांनी सात पुड्या उघडून तपासल्या. कागद वर्तमानपत्राचेच निघाले. भजी पुराव्यात धरावीत की नाही हे ठरेपर्यंत ती संपली होती.

तिसरा संशय सरळ बाबूसिंगवर.

"सकाळी कुठं होते तुम्ही?"

"घरी. बुढी तयार होऊन राह्यली होती. दोन घंटे."

"साक्षीदार?"

"बुढीच."

"म्हंजे कागद तुम्हीच लपवला!"

"मी कायले लपवू, सायेब? तिले वाचता येत नाही हे पाह्यालेच तं बस पकडून आलो."

हा युक्तिवाद सदाशिवरावांना त्यांच्या स्वतःच्या युक्तिवादापेक्षा चांगला वाटला. ते कार्यालयात आपल्या टेबलापाशी जाऊन बसले. मागोमाग दिपाली आली आणि रुपीबाईही. वर्गात गेल्यापासून दिसेल ते वाचायचा नाद बाईंना लागला होता. त्या भिंतीवर बोट ठेवून "ये-थे थुं-कू न-ये" लावत बसल्या.

"गुन्हेगार हुशार हाय," सदाशिवराव म्हणाले. "पण सवय सुटत नाही. त्याचा हात आपोआप चालते. तिथंच तो सापडते."

"सर, इंदुताईनं सकाळी ते पान ठेवलं कुठं होतं?"

"सुरक्षित जागी. माह्याच टेबलावर."

दिपालीने लिहिणं थांबवलं.

"न-वी-न आ-व-क," रुपीबाई कपाटापाशी वाचत होत्या. त्यांनी फाईल उघडली. "अवं माय, हा तं माहा कागद!"

कागदाच्या डोक्यावर जांभळा गोल शिक्का. तळाशी लाल शाईत शेरा. रविवार असला तरी हाताला कुठे सुट्टी असते.

बाराला रुपीबाई माईकसमोर उभ्या राहिल्या. बोट ओळीवर.

"मा-झं नाव रुपी. मला बस-ची पाटी वाचता येत नव्हती. म्हणून मी नेर-ऐवजी दारव्ह्याला उतरले. हे मला वर्षभर हसले. पण उतरले तेव्हा हेही सोबतच होते."

आवार खदखदून हसलं. बाबूसिंग उठले. "पाठ हाय! हे तं मले बी पाठ हाय!"

रुपीबाईंचं बोट मात्र थांबलं नाही. ते खाली लाल शाईवर आलं.

"आ-वक क्र-मांक चार-शे बारा. अर्ज-दाराची वि-नंती स्पष्ट नाही. फाईल क-रावे." बोट आणखी खाली सरकलं. "स-दा-शिव-राव."

बाबूसिंगचा हात मिशीवरच राहिला. "हे," ते सावकाश म्हणाले, "हे तं घरी कधी म्हटलं नाही तिनं." ते खाली बसले, आणि सगळ्यांत आधी टाळी त्यांनीच वाजवली.

रुपीबाईंनी कागदाची घडी केली आणि माईकवरूनच म्हणाल्या, "सायेब, अक्षर लय गिचमिड हाय तुमचं. गुरुवारी वर्गाले येत जा."

गुरुवारी शेवटच्या सतरंजीवर दोन नवे विद्यार्थी होते. बाबूसिंग पाटी घेऊन. सदाशिवराव, त्यांच्याच सांगण्यानुसार, गुप्तपणे.

हजेरीचा कागद सगळ्यांच्या हातांतून फिरला. इंदुताईंनी तो सदाशिवरावांच्या हाती तेवढा दिला नाही.