कृपया थांबा, यादी येत आहे

सहादेवकाका सकाळी साडेदहाला नगरजवळच्या केडगावातल्या दीपाच्या कॉम्प्युटर क्लासात येऊन बसले, ते दुपारी चार वाजले तरी उठले नव्हते. समोरच्या पडद्यावर वाळूचं घड्याळ पुन्हा पुन्हा उलटं होत होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘कृपया थांबा, यादी येत आहे.’ म्हणून काका थांबले होते. कचेऱ्यांमधून ‘उद्या या’ ऐकण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ‘कृपया’ म्हणणारी कचेरी त्यांना पहिल्यांदाच भेटत होती.

यादी होती पुण्याच्या एका नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशाची. काकांच्या ज्ञानेश्वरीचं नाव निघालं, तर पाचच्या आत होकाराचा फॅक्स करायचा, नाहीतर जागा दुसरीला. त्यासाठी काका पहाटेच्या एसटीने कर्जतहून आले होते.

इंटरनेटवरचं ते पान दीपानेच बनवलं होतं. १९९९ साली नगरात असं काम करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे कॉलेजने यादीची फ्लॉपीही तिच्याकडेच दिली होती. सकाळी तिने फोनच्या लाइनवरून यादी त्या पानावर पाठवायला लावली, काका येताच त्याच कॉम्प्युटरवर त्यांना पान उघडून दिलं आणि ती आत बॅच घ्यायला गेली. लोकांना कंटाळा येऊ नये म्हणून घड्याळ तिने हौसेने घातलं होतं. यादी आलीच नाही तर काय दाखवायचं, हा विचार मात्र राहून गेला होता.

दर बॅच संपली की ती थकलेल्या डोळ्यांनी डोकावायची.

“काका, येतंय का?”

“येतंय, येतंय. घड्याळ चालू हाय न्हवं.”

“मग बसा.”

“बसलोय की. तू नगं काळजी करू, पोरी.”

चौथ्या बॅचनंतर दीपाचा घसा बसला आणि तिला शंका आली. तिने फोन उचलून कानाला लावला. डायल टोन नाही, काही नाही. ती जिना चढून वर घरात गेली. त्याच लाइनवरच्या दुसऱ्या फोनचा रिसीव्हर उशीवर आडवा पडला होता आणि आई, गोजरबाई, शेजारी तूर निवडत होती.

“आई, हा रिसीव्हर काढून कोणी ठेवला?”

“मीच. सकाळी पाथर्डीला तुझ्या मावशीला लावला. आधी नुसतं किर्रर्र वाजत हुतं, चार-पाचदा आपटला तवा लागला. तिची शेजारीण म्हनली, धरून ठिवा, बोलावून आनते.”

“सकाळी? आता चार वाजलेत!”

“मंग धरूनच ठिवलाय न्हवं? हात दुखायला लागला म्हनून उशीवर ठिवला.”

दीपाला भांडायचंही त्राण नव्हतं. तिने तिथूनच पुण्याला कॉलेजात फोन लावला.

“बाई, आम्ही पण सकाळपासून थांबलोय!” पलीकडचा क्लार्क म्हणाला. “इथेही तेच घड्याळ. आमच्याकडची यादी पण त्या फ्लॉपीतच आहे. साहेब म्हणतात, यादी दिसेपर्यंत कुणाचीच जागा जात नाही.”

दीपा धावत खाली आली. तिने घड्याळ बाजूला सारलं. त्याच्यामागे सकाळची खिडकी तशीच उघडी होती: चौतीस टक्के, संपर्क तुटला. तिने फ्लॉपीतली यादी उघडली.

“काका, ज्ञानेश्वरी सातव्या नंबरवर!”

काका ताडकन उठले आणि पायाला मुंग्या आल्यामुळे तितक्याच जोरात खाली बसले. त्यांनी टोपीने डोळे पुसले. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे यादी सकाळपास्नं ह्या डब्यातच हुती?”

“हो, काका.”

“मंग येतंय येतंय म्हनत हुतं, ते कुटनं?”

दीपाने ते घड्याळ बंद केलं. यादी पुन्हा पाठवण्याआधी काकांचा फॅक्स करावा, म्हणून तिने फोन उचलला. तेवढ्यात वरून आवाज आला,

“दीपे, ठिव तो फोन! मी परत लावलाय, मावशीला बोलवायला गेलेत, जरा थांब!”