करीना केसरबाईसाहेबांनी अखाजीचा झोका सर केला त्याचा

तापीमाईच्या कृपेने व निंबाच्या छायेने खानदेश प्रांती एकाच बाईसाहेबांस नामुष्की व फत्ते ही दोन्ही वर्षाच्या अंतराने प्राप्त जाहली, त्यांचा करीना, म्हणजे साद्यंत हकीकत, येणेप्रमाणे. लिहिणाराने यात पदरचे मीठ घातले नाही. मीठ, तेल व साखर ही या मोहिमेत आधीच बहुत जाहली होती.

शके एकोणीसशें दहा, वैशाख शुद्ध तृतीया. ते दिवशी खानदेशात अखाजी. सासुरवाशिणी माहेरी कूच करितात, आणि निंबास झोके बांधून गाणी म्हणतात, आणि चार रोज सासर विसरतात, ऐसा दस्तूर. सबब दीपनगरच्या वीज कारखान्याच्या वसाहतीतून श्रीमंत केसरबाईसाहेब, बॉयलर खात्याचे मानकरी लीलाधरराव यांचे कुटुंब, शिरपुराजवळील माहेरगावी दाखल जाहल्या, आणि तिसरे प्रहरी झोक्यावर आरूढ जाहल्या, आणि दोन हेलकावे उत्तम जाहले, मग तिसऱ्यास दोर तुटला. बाईसाहेब जमिनीवर आल्या. धुरळा ऐसा उठला की शेजारच्या गोठ्यातील म्हैस दावे तोडून उभी राहिली. गल्ली हसली. गल्लीचे हसणे दोन रोजांत ओसरते, परंतु भावजय बेबाबाई यांनी भर पंगतीत फर्मान काढिले की, "पुढला सालले दोर नको, ट्रॅक्टरनी साखयी बांधा." ते बोल काळजात रुतले.

कारण, झोका हे बाईसाहेबांचे वतन होते. बाळपणी त्यांचा झोका शेंड्यास लागे, आणि तेथून गाव भातुकलीएवढे दिसे, आणि खालून कोणी कितीही हाका मारो, कानी येत नसत. संसारात पडल्यापासोन वर्षातून तेवढाच एक प्रहर त्यांना कोणाची हाक ऐकू येत नसे. ते वतन जप्त होऊ पाहात होते. सबब त्यांनी प्रतिज्ञा केली की, पुढील अखाजीस त्याच निंबाखाली सुताच्याच दोरावर बसेन, न जमल्यास झोका कायमचा वर्ज्य.

मसलतीस शेजारीण कुंदाबाई आली. ही रावेरच्या केळीवाल्यांची लेक. तिने सल्ला दिला की, अन्न समूळ तोडावे, दूध पिऊन राहावे, वजन आपोआप पळेल. बाईसाहेबांनी महिनाभर अंमल केला, आणि मग भुसावळ ठेसनावरील वजनाच्या यंत्रावर चढल्या, आणि लाल दिवे लुकलुकले, आणि चिठ्ठी पडली. वजन वाढले होते. पाठीमागे भविष्य छापिले होते की, आपला प्रभाव वाढत आहे.

पूसतपास करिता उघड जाहले की, कुंदाबाईच्या माहेराहून घडच्या घड येत, आणि त्यांचा वाटा बाईसाहेबांस पोचे, आणि दूध पिता पिता केळी संपत. कुंदाबाईस जाब विचारिला तेव्हा ती उलट चकित जाहली. "अवं, केळी काय खाणं असतं? ती तं घरचीच असतात." येणेप्रमाणे पहिला मोर्चा केळीच्या बागेत बुडाला.

मग नवरात्रात बाईसाहेबांनी कडकडीत उपास आरंभिला. पाण्यावाचून काही घेतले नाही. चौथे रोजी पिठाच्या गिरणीत दळणाचा डबा हाती असता त्यांस भोवळ आली, आणि त्या व ज्वारीचे पीठ ऐसे एकत्र सांडले. लीलाधररावांनी साखरपाणी पाजिले. सायंकाळी बाईसाहेबांनी शेवभाजीवर ऐसी धाड घातली की कढईने तळ दाखविला. गेलेली चरबी कुमक घेऊन परतली.

साखरपाणी पाजिते समयीच लीलाधरराव कळवळून बोलिले होते, "केसर, तू जेवतेस तरी कुठं? लग्न झाल्यापासून मी तर तुला जेवताना पाहिलंच नाही."

ही गोष्ट तंतोतंत खरी होती. आणि तेथेच बाईसाहेबांच्या डोक्यात ठिणगी पडली. दुसरे दिवशी ताटे उचलिता त्यांनी आपल्याच हातावर हेर बसविला. थोरल्या चिरंजीवांच्या ताटात अर्धी भाकरी, ती तोंडात गेली. धाकट्यांचा वरणभात कालविलेला, तोही गेला. लीलाधररावांचा रिवाज ऐसा की, दिमाखाने एक भाकरी जास्त मागावी आणि अर्धी टाकून उठावे, ती गेली. पातेल्याची खरवड गेली, वाटीतली दोन घास भाजी गेली. अन्न टाकवत नव्हते, सबब ओट्यापाशी उभ्या उभ्या अवघी लूट फस्त जाहली. मग बाईसाहेब आपले ताट वाढून घेऊन बसल्या, आणि नित्याप्रमाणे भुकेने जेवल्या. शत्रू गडाच्या आतच होता, आणि त्यास दरवाजा उघडणारा किल्लेदार खासा स्वतःच.

तत्काळ तह फर्माविला. ज्याने त्याने संपेल तेवढेच घ्यावे. पिठाचे माप एका मुठीने घटवावे. बाईसाहेब सर्वांबरोबर पंगतीस बसतील, लागेल ते ज्याने त्याने उठून घ्यावे. आणि कोणाचे ताटातले काही बाईसाहेबांच्या पोटी जमा होणार नाही.

लीलाधररावांनी बंड केले. "घरच्या घरी आता घास मोजायचे?"

"मोजू नका. टाकलेलं मात्र मी खाणार नाही. तुमचं तुम्हाला डब्यात देईन."

दुसरे दिवशी पाळीच्या सुटीत बॉयलर खात्याचे समस्त लोक डबे उघडून बसले असता लीलाधररावांच्या डब्यातून कालची अर्धी भाकरी निघाली, दातांच्या खुणांसकट. लोकांनी ती हातोहात पाहिली. सायंकाळी लीलाधरराव शरण आले.

याउपरी बाईसाहेब व कुंदाबाई रोज दिवेलागणीपूर्वी वसाहतीस वळसा घालू लागल्या. चालण्याहून बोलणे अधिक होते. परंतु उभ्याने बोलण्याहून चालत बोललेले बरे, इतकी उन्नती जाहली. वजन ऐसे संथ उतरे की कुंदाबाई म्हणे, "एवढं तं ओली साडी वाळवली तरी कमी होतं." बाईसाहेब रागावल्या नाहीत. थंडीत मळ्यात भरिताची पार्टी जाहली, तेथे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या मनसोक्त खाल्ल्या; परंतु दुसरे दिवशी सुडाचा उपास केला नाही, तहाच्याच कलमांवर परत आल्या. अखाजी जवळ आली तेव्हा भुसावळच्या यंत्राने सात किलो उतरल्याचे कबूल केले. बाईसाहेब बारीक जाहल्या ऐसे म्हणणे लबाडी होईल. कंबर होती तेथेच, मात्र जिना चढिता आता मधल्या पायरीस मुक्काम पडत नसे.

शके एकोणीसशें अकरा, अखाजी. निंबाखाली गल्ली गोळा जाहली, आणि बेबाबाई खरोखरीच साखळी ओढीत आली. "नणंदबाई, साखयी तयार शे."

"ट्रॅक्टरलेच बांध ती. माले दोर बस शे."

बाईसाहेब बसल्या. दोर करकरला. गल्लीने श्वास धरिला, आणि बेबाबाईनेही. पहिला हेलकावा गेला, दुसरा गेला, मग तिसरा आला, आणि तोही निंबाच्या पाल्यात शिरून परत आला, आणि बायांनी गाणे उचलिले:

झोका गया आभायमा, खाले राहिनं गाव
वारा इचारस माले, बाई तुन्हं काय नाव

यंदा मुद्दाम झोका पाहण्यास आलेल्या लीलाधररावांनी खालून दोन हाका मारिल्या. बाईसाहेबांस ऐकू गेल्या नाहीत.

सायंकाळी खापरावरची पुरणपोळी व आमरस. पुरुषमंडळी जेवून उठली, लेकीही पाटावर बसल्या, आणि मातोश्री रुक्माबाई चुलीपाशी उकिडव्या बसून बोलिल्या, "तुम्ही जेवा, मी मंग जेवसू."

"मंग म्हंजे कव्हय व माय? बठ्ठासनं खाई उरस तव्हय?"

अवघ्यांचे खाऊन उरते तेव्हाचे हे 'मंग' बाईसाहेबांस आता पुरते ठाऊक होते. बाईसाहेबांनी मातोश्रींस मनगटी धरून पाटावर आणिले, आणि बेबाबाईसही दुसरे बाजूस बसविले, आणि भाऊ धनसिंग, बेबाबाईचे धनी, ओसरीवर पान लावीत होते त्यांस वाढण्याचा हुकूम केला. धनसिंगभाऊंनी उभ्या जन्मात वाढिले नव्हते. त्यांनी रसाच्या वाटीत अंगठा बुडविला, पोळी उचलिता दोन तुकडे केले, आणि तूप बेबाबाईच्या पदरावर सांडले. बेबाबाई पदर न झटकता तशीच बसून राहिली.

येणेप्रमाणे फत्ते दाखल. दोर शाबूत, निंब शाबूत, साखळी ट्रॅक्टरास परत. दुखापत झाली ती एका पोळीस. तिचा मोठा तुकडा रुक्माबाईंच्या ताटात पडला. निवाल्या पोळीच्या सवयीने त्यांनी तो बोटाने चाचपला, हात मागे घेतला, आणि लेकीस म्हणाल्या, "भलती गरम शे व." मग फुंकर घालून खाल्ला.