भांडण लावणाऱ्या सकपाळबाई

पोलादपूरच्या एका लग्नात सकपाळबाई आहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर चढल्या. नवरीच्या हातात पाकीट दिलं, फोटोवाल्याकडं बघून हसल्या आणि नवरीच्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, "तुला काय हवंय गं? आणि आड कोण येतंय?"

कान नवरीचा होता, पण आवाज बाईंचा. जन्मभर पत्र्याच्या शाळेत पावसाच्या वर आवाज चढवून शिकवलेल्या बाईचा. तो पुढच्या सगळ्या खुर्च्यांना ऐकू गेला. नवरी सकाळपासून उभी राहून वैतागली होती, की असं कुणी विचारावं म्हणून वाटच बघत होती, देव जाणे. ती पटकन म्हणाली, "मला बी.एड. करायचंय. सासूबाई नको म्हणतायत."

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

पंगत खोळंबली. दोन्हीकडचे मामा स्टेजवर गेले. बाई मात्र खाली उतरून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि सुपारी चघळत म्हणाल्या, "बघ. आता या लग्नाला गोष्ट आली."

त्या मुलीचं पुढं बी.एड. झालं. परीक्षेला तिला महाडला सासूच घेऊन यायची. पण त्या घरातून बाईंना पुन्हा कधी आमंत्रण आलं नाही. त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

सकपाळबाई म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. महाडात नदीकडच्या एका गल्लीत तळमजल्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्यांना एकच वेड होतं. गोष्ट. आणि त्यांच्या मते भांडणाशिवाय गोष्ट नसते.

बाजारात दोन भाजीवाल्या जागेवरून जुंपल्या, की इतर गिऱ्हाइकं पुढच्या गाड्यावर जायची. बाई पिशवी खाली ठेवून ऐकत उभ्या राहायच्या. एकदा तर हरलेल्या बाईला त्यांनी बाजूला घेऊन समजावलं, "तू तिच्या पोरावर कशाला गेलीस? जागा तुझ्या आईची होती, ते आधी बोलायचं. तुझी बाजू चांगली होती, तू वाया घालवलीस." दुसऱ्या दिवशी त्या भाजीवालीनं आपली बाजू नीट मांडली आणि जागा परत मिळवली. बाईंना तिच्याकडून कोथिंबीर फुकट मिळायला लागली.

डॉक्टरकडं रक्तदाब मोजायला गेल्या, तर दंडाला पट्टा बांधलेला असतानाच त्यांनी डॉक्टरला विचारलं, "तुला काय हवं होतं? आणि आड कोण आलं?" डॉक्टरला नाटकात जायचं होतं आणि आड वडील आले होते. ते सगळं सांगून होईपर्यंत बाहेर पेशंट ताटकळले. रक्तदाब डॉक्टरचाच वाढला असावा.

माझी नि त्यांची गाठ पडली ती लिहिण्यामुळं. मी बिरवाडीत खोली घेऊन राहतो, जवळच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. शिफ्ट संपली की कादंबऱ्या लिहितो. प्रकाशक काही मिळाला नाही, म्हणून पदरचे पैसे घालून छापतो. महाडात असाच आणखी एक जण आहे, दिनकर तांबे. त्याचं औषधांचं दुकान आहे आणि तो भुताच्या कथा लिहितो. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या माणसाला तो आधी कथा ऐकवतो. त्या तांब्यानंच मला बाईंकडं नेलं.

बाईंनी माझं हस्तलिखित ठेवून घेतलं आणि आठवड्यानं बोलावलं. चहा दिला. मग म्हणाल्या, "तुझा नायक माणूस आहे की गुळाची ढेप? आई त्याच्यावर खूश, बायको खूश, साहेब खूश, गावातलं कुत्रंसुद्धा खूश. याला काय हवंय?"

मी म्हटलं, "त्याला मुंबई सोडून गावी यायचंय."

"मग येईना का! कोण अडवतंय?"

"कोणी नाही."

"कोणी नाही ना? मग मी तरी पुढचं पान कशाला उलटू?"

मला राग आला. मी म्हटलं, मग आईला दुष्ट करतो. तशा बाई खवळल्याच. "आईला दुष्ट केलंस तर हस्तलिखित बंबात घालीन. आईचंही बरोबर असू दे. तिनं मुंबईच्या खोलीसाठी काय काय सोसलंय ते लिही. पोराचंही खरं, आईचंही खरं. मग दोघांना एका स्वयंपाकघरात बसव आणि दार लावून घे. बघ कसं पेटतं."

मी खोलीवर येऊन ते स्वयंपाकघर लिहायला बसलो. लिहिता लिहिता मला आईची बाजू इतकी पटली, की नायकाला काय उत्तर द्यावं तेच सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा मी लिहिलेलं माणूस माझं ऐकेनासं झालं. आज माझ्या पुस्तकाबद्दल कुणी चांगलं बोललं, तर ते त्या स्वयंपाकघराबद्दल बोलतं. ते बाईंचं देणं आहे.

बाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. पुस्तक छापून झालं की लेखकाचं काम संपतं आणि बाईंचं सुरू होतं. आमचे गठ्ठे त्यांच्याच घरी असायचे, कारण माझ्या खोलीत जागा नाही आणि तांब्याच्या बायकोनं त्याची भुतं घराबाहेर काढली होती. बाई ती पुस्तकं कापडी पिशवीत घालून कुठंही न्यायच्या. पोलादपूरच्या एस्टी स्टँडवर, हळदीकुंकवाला, बँकेच्या रांगेत.

मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसांचा पूर येतो आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात. तिथं आम्हीही एक टेबल टाकलं होतं. लोक लांबून लांबून पुस्तकं घ्यायलाच आलेले. पण त्यांना हवी होती वैचारिक पुस्तकं. आमच्या कादंबऱ्यांकडं कुणी बघेना. तांबे टेबलामागं खाली मान घालून बसला. बाई उठल्या, टेबलापुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि समोरून जाणाऱ्या एका बाईला म्हणाल्या, "अहो, पोरगा आईला म्हणाला, ही खोली विकून टाक. आई म्हणाली, या खोलीसाठी मी काय केलं ते तुला ठाऊक नाही."

ती बाई थांबली. "काय केलंवतं?"

"ते पुस्तकात."

संध्याकाळपर्यंत टेबल बरंच रिकामं झालं. मी विचारलं, "बाई, तुमची कादंबरी का नाही मांडली?" बाईंचीही एक कादंबरी होती, बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतःच छापलेली. त्या पिशवीची घडी करत म्हणाल्या, "माझी जुनी झाली रे. तुमची ताजी आहेत, ती जाऊ देत." मला वाटलं, मोठेपणा. मी पुढं विचारलं नाही.

मग त्या पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी गावात शिरलं. सकाळी बाईंच्या गल्लीत गुडघाभर होतं, दुपारी दारं दिसेनाशी झाली. फोन लागत नव्हते. बिरवाडीहून महाडला जाता येईना. पाणी ओसरल्यावर मी आणि तांबे चिखल तुडवत त्यांच्या घरी पोचलो, तर बाई ठणठणीत. साडी खोचून, फावड्यानं खोलीतला गाळ बाहेर ओढत होत्या. शेजाऱ्यांनी त्यांना वरच्या मजल्यावर ओढून घेतलं होतं.

"तुमची पुस्तकं माळ्यावर आहेत," त्या म्हणाल्या. "कोरडी आहेत. उतरवून न्या, इथं ओल फार."

तांबे शिडीवर चढला. माझे गठ्ठे, त्याचे गठ्ठे, सगळे वर नीट रचलेले. आणि खाली, भिंतीशी, चिखलाचा एक ढीग होता. मी पायानं जरा हलवला, तर आतून पानं निघाली. बाईंची कादंबरी. सगळ्याच्या सगळ्या प्रती.

"बाई, हे काय केलंत?"

"माळा केवढा आहे बघतोस ना," त्या फावडं न थांबवता म्हणाल्या. "पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हा एकच कुणीतरी वर जाणार होतं."

तांबे शिडीवरच बसून रडायला लागला. भुतांच्या कथा लिहिणारा माणूस, पण मन फार हळवं. बाईंनी त्याला दटावलं, "उतर खाली, शिडी मोडेल."

आम्ही ठरवलं, बाईंची कादंबरी पुन्हा छापायची. पण छापायची कशावरून? ज्या छापखान्यात ती झाली, तोही याच पुरात बुडाला होता. ज्यांना बाईंनी प्रती दिल्या, ती माणसंही याच गल्ल्यांतली. बाई म्हणायच्या, "सोडा रे. गेलं ते गेलं." शेवटी खूप खोदून विचारल्यावर त्यांना आठवलं, की कुडपणच्या शाळेत त्या काही वर्षं होत्या, तिथल्या कपाटात एक प्रत ठेवली होती. "वाळवीनं खाल्ली असेल," त्या म्हणाल्या.

पाऊस सरल्यावर तांब्याच्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. पोलादपूर सोडून गाडी वर चढायला लागली, तशी बाईंनी काच खाली केली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ती छापली ना, तेव्हा मी सगळ्यांना वाटली. नातेवाइकांना, शाळेतल्या लोकांना. एक माणूस काही बोलला नाही. चांगली नाही, वाईट नाही. भेटले की पावसापाण्याचं बोलायचे. शिवी तरी द्यायची रे कुणीतरी. म्हणून तुमची वाचते. तुम्हाला तसं व्हायला नको."

तांब्यानं गाडीचा वेग उगाचच कमी केला.

कुडपणच्या पठारावर नाचणी उभी होती. शाळेतल्या गुरुजींनी कपाट उघडून पाहिलं आणि म्हणाले, "ते पुस्तक इथं कुठलं! ते अनसूयाबाईंकडं असतं. शाळेचा आहार शिजवतात त्या. कधीच नेलंय, परत काही आणत नाहीत."

अनसूयाबाईंचं घर जवळच होतं. त्या अंगणात नाचणीची कणसं पसरत होत्या. आम्ही पुस्तक मागितल्याबरोबर त्यांनी हात कमरेवर ठेवले.

"नाय देयाची."

"अहो, आम्ही छापून नवी प्रत देऊ तुम्हाला."

"नवी तुमाला ठेवा. माझी हाय ती बरी हाय. पोर मुंबयला गेला, घरात बोलाया कोण हाय मला? ती कुंदा तेवढी हाय."

कुंदा म्हणजे बाईंच्या कादंबरीतली नायिका. तांब्यानं पुढं होऊन सांगितलं, "मावशी, ज्यांनी कुंदा लिहिली त्याच या. सकपाळबाई."

अनसूयाबाईंनी बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाटलं, आता पाया पडणार. त्या म्हणाल्या, "तुमी व्हय? मग मला सांगा, कुंदा भैनीच्या दारापर्यंत गेली नि माघारी का फिरली? हाक का नाय मारलीन तिनं? भैन आत चूल पेटवीत व्हती. एक हाक मारायची व्हती. मी कितींदा वाचलं, दर बारीला वाटतं आता मारील. मला लय राग हाय तुमचा."

भर लग्नात नवरीला प्रश्न विचारणाऱ्या, भाजीवालीला भांडण शिकवणाऱ्या आमच्या बाईंना शब्द सापडेना. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि ओट्याच्या कडेला बसून घेतलं.

अनसूयाबाई घाबरल्या. "अगो बाय, मी वायट बोललू का? पानी आणू?"

"नको," बाई म्हणाल्या.

बऱ्याच घासाघिशीनंतर तोड निघाली. पुस्तक घराबाहेर जाणार नाही. मी तिथंच बसून मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढायचा. पुस्तकाला जुन्या साडीच्या कापडाचं कव्हर शिवलं होतं. पानांवर हळदीची बोटं होती. मी पानं उलटत होतो, तांबे उजेड पडावा म्हणून पान धरत होता. बाईंनी अनसूयाबाईंना आपल्याजवळ ओट्यावर बसवून घेतलं होतं, त्यांचा हात धरला होता आणि अगदी हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, त्या म्हणत होत्या, "पुन्हा सांग ना गं. कुठं कुठं राग आला तुला?"